दंड दादाचा, डोके माझे

दादा जर्मनीत आणि दंड हडपसरला! घरात कुणालाच उलगडा होईना. दादाची मोटारसायकल विकायची होती. राहूतल्याच गिऱ्हाइकाने मोबाईलवर गाडीचा नंबर घालताच थकलेले चलन निघाले. "जाताना भरून जायला काय झालं होतं?" बाबा दादावरच उखडले.

मी गप्प राहिलो. दादा गेल्यापासून गाडी मीच कॉलेजला नेत होतो. चलन निघते मालकाच्या नावे आणि संदेश जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. दादाचा इथला नंबर तर केव्हाच बंद पडलेला. पण चलनासोबत फोटोही होता. त्यात मी होतो, बोडक्या डोक्याने.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात हेल्मेट नसल्यास १००० रुपये दंड आहे. पैसे काय, गुऱ्हाळावर राबून उभे केले असते. कबुलीला मात्र अख्खी रात्र लागली. सकाळी बाबांपुढे फोटो धरला.

त्यांनी मुकाट्याने दादाला फोन लावून माझ्या हाती दिला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "आधी हेल्मेट घे. गाडीचं मग बघू."

चलनावर नाव त्याचे होते, डोके माझे. त्याला काळजी माझ्या डोक्याची होती. मला मात्र त्याच्या नावाचीही नव्हती.