चार विसा दोन

माझ्या आजीला वय विचारलं की ती सांगते, "चार विसा दोन." म्हणजे ब्याऐंशी. ती सगळंच असं मोजते. कोंबड्यांची अंडी, शेणाच्या गोवऱ्या, लग्नाच्या पंगतीतली पानं, सगळं विसाविसांनी. आम्ही नातवंडं लहानपणी सुट्टीत मुळशीला गावी गेलो की तिला मुद्दाम काहीतरी मोजायला लावायचो आणि मागे उभं राहून हसायचो. आम्ही पुण्यातल्या शाळेतली मुलं, आम्हाला शंभरपर्यंत पाढे येत होते ना!

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, फ्रेंचमधून टेलिफोन नंबर सांगता सांगता. पण तिथवर कशी पोचले ते आधी सांगते.

फ्रेंचशी माझी पहिली ओळख अकरावीत झाली. पुण्यात मराठी किंवा हिंदी सोडून फ्रेंच किंवा जर्मन घेणारी मुलं वर्गावर्गांत असतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं: स्कोअरिंग आहे. मलाही बारावीला फ्रेंचमध्ये नव्वदच्या वर मार्क पडले. धडे पाठ, उत्तरं पाठ, निबंधही पाठ. समोर एखादा फ्रेंच माणूस उभा राहिला असता तर 'बाँजूर'च्या पुढे एक वाक्य मला बोलता आलं नसतं. मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. फ्रेंच कपाटावरच्या ट्रॉफीसारखं धूळ खात पडलं.

दुसऱ्यांदा फ्रेंच घेतलं तेही मार्कांसाठीच. फक्त आता त्यांना पॉइंट म्हणत होते. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत वयाला गुण असतात. एकट्या अर्जदाराला 30 वर्षं पूर्ण होईपर्यंत वयाचे 110 गुण मिळतात, तिशी लागली की 105, आणि पुढे दरवर्षी घसरण. इंग्रजीबरोबर फ्रेंच येत असेल, चारही कौशल्यांत सातवी पातळी असेल, तर 50 गुण जास्तीचे. शिवाय 2023पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघू लागल्या. आमच्या ऑफिसात दुपारच्या डब्याच्या वेळी हा हिशेब रोज चालायचा. मी अठ्ठावीस पूर्ण केली होती. एक्सेल शीटमध्ये सगळे आकडे घालून पाहिले तर मला वाचवणारा एकच रकाना दिसत होता.

क्लास लावला, ॲप घेतलं. सहा महिन्यांनी वाचता येऊ लागलं, लिहिता येऊ लागलं. ऐकलेलं मात्र काहीही कळेना. लिहिलेल्या शब्दातली निम्मी अक्षरं फ्रेंच माणूस उच्चारत नाही, आणि उरलेली पुढच्या शब्दाला चिकटवून टाकतो. तेव्हा क्लासमधल्या एकीने या रविवारच्या गटाबद्दल सांगितलं.

गटाला नाव नाही, नोंदणी नाही, फी नाही. तीसेक वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या एक मॅडम आहेत. त्यांच्याच घरी सगळे जमतात. एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, ते फ्रेंच का शिकतात हे कुणालाच माहीत नाही. एक टूरिस्ट गाइड, एक फ्रेंचमध्ये बीए करणारी मुलगी, एक कापडाच्या दुकानवाल्या काकू, आणि माझ्यासारखे तीन-चार 'कॅनडावाले'. मॅडम आम्हाला असंच म्हणतात. नियम एकच: साडेनऊ ते साडेअकरा फक्त फ्रेंच. मराठी किंवा इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की टेबलावरच्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात दहा रुपये टाकायचे. पहिल्या रविवारी मी दीडशे रुपये घालवले. "अय्या" आणि "अरे देवा" हेही मराठी शब्द आहेत, हे मला तिथे समजलं.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी आकड्यांचा खेळ होता. एकाने टेलिफोन नंबर सांगायचा, दुसऱ्याने लिहून घ्यायचा. फ्रेंच लोक नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात आणि तिथेच सगळी गोची होते. एकोणसत्तरपर्यंत सगळं सरळ आहे. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले लोक सत्तरला आणि नव्वदला सरळ शब्द वापरतात, पण फ्रान्सचा माणूस नाही. काकांनी मला "कात्र-व्हँ-द्यो" सांगितलं. मी आधी 4 लिहिलं, मग 20, मग सगळं खोडलं. आणि एकदम डोक्यात आवाज आला तो आजीचा. कात्र म्हणजे चार, व्हँ म्हणजे वीस, द्यो म्हणजे दोन. चार विसा दोन.

मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं की माझी आजीसुद्धा असंच मोजते, आणि तिचं वय नेमकं एवढंच आहे. मॅडमना एवढा आनंद झाला की त्या उठून आतून पॅरिसचा नकाशा घेऊन आल्या. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं हॉस्पिटल आहे, 'कँझ-व्हँ'. शब्दशः 'पंधरा-विसा'. तेराव्या शतकात राजा नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी ते सुरू केलं, म्हणून पंधरा विसा. नाव अजून तेच आहे. माझी आजी त्या दारात उभी राहिली असती तर आत किती माणसांची सोय आहे हे तिला पाटी वाचून दाखवताच कळलं असतं. मला मात्र कळलं नसतं.

मग मॅडमनी विचारलं, "आजी कुठल्या?" मी म्हटलं, मुळशी तालुक्यातल्या. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "एल् शांत?" गाते का ती?

मी म्हटलं, माहीत नाही.

मॅडमनी त्या दिवशी आम्हाला तीन फ्रेंच माणसांची नावं सांगितली. एक झ्यूल ब्लोक. त्यांनी मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, तो 1920 साली निघाला, वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. दुसरे गी दलरी. हे जेझुइट पाद्री पुण्यात राहिले, वारीत चालले, आणि तुकारामांच्या अभंगांचा त्यांनी केलेला फ्रेंच अनुवाद पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने 1956 साली छापला. आणि तिसरे गी प्वातव्हँ. फ्रान्समधून आले आणि पुण्याचेच झाले. हेमा राईरकर आणि त्यांनी मिळून मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. पुढे बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत अशा दोन्हींत काम करणाऱ्या फ्रेंच माणसाने त्यांचा डेटाबेस उभा करायला हात लावला.

घरी येऊन रात्री मी तो संग्रह शोधला. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या आवाजासकट ऐकायला मिळतात. प्रत्येक ओवीला गावाचं नाव, बाईचं नाव, विषयाची वर्गवारी. मी दिवसभर डेटाबेसचंच काम करते, त्यामुळे पहिली अर्धा तास मी त्याची रचनाच बघत बसले. मग आजीच्या गावाजवळची नावं दिसायला लागली. पौडच्या पुढे एसटीच्या पाट्यांवर लहानपणी वाचलेली गावं. आजीच्या वयाच्या बायका. आजीचं नाव नव्हतं. तिला कुणी विचारलं नसणार. मीही नव्हतं विचारलं.

तरी मी लगेच गावी गेले असं नाही. परीक्षा जवळ आली होती. रविवार चालू होते. जानेवारीत आम्ही 'गालेत दे र्वा' कापला: पापुद्र्यांचा गोल केक, आत बदामाचं सारण. बीएवाल्या मुलीने भाजून आणला होता आणि दुकानवाल्या काकू तो बघून म्हणाल्या, "ही तर गोल खारी!" दहा रुपये. या केकमध्ये एक छोटीशी वस्तू लपवलेली असते, ज्याच्या तुकड्यात सापडेल तो राजा. लबाडी होऊ नये म्हणून सगळ्यात लहान माणसाने टेबलाखाली बसायचं आणि कुठला तुकडा कुणाला ते ओरडून सांगायचं. ती मुलगी सुरी धरून उभी, त्यामुळे एकोणतिशीची मी टेबलाखाली. राजे काका झाले. दिवसभर कागदी मुकुट काढला नाही त्यांनी. तसेच स्कूटरवर बसून घरी गेले.

काकांनीच माझ्याकडून तोंडी परीक्षेची तयारी करून घेतली. टेफ परीक्षेत एक भाग असा असतो की परीक्षक तुमचा मित्र होतो, आणि जाहिरातीतली एखादी गोष्ट करायला तुम्ही त्याला दहा मिनिटं पटवायचं. तो नाही-नाही म्हणत राहतो. काकांना नाही म्हणण्याचा बँकेतला दांडगा अनुभव. एकदा विषय होता, परदेशी जाऊन राहायला मित्राला तयार करा. मी हवा, पगार, रस्ते, सगळं सांगितलं. काका फ्रेंचमध्ये शांतपणे म्हणाले, "आणि माझ्या आईला कोण बघणार?" माझ्याकडे शब्द होते, व्याकरण होतं. उत्तर नव्हतं. मॅडमनी घड्याळ थांबवलं नाही. चार मिनिटं मी काहीबाही बोलत राहिले.

परीक्षेत बोलणं सातव्या पातळीला पोचलं. वाचणं, लिहिणंही. ऐकणं सहावर अडकलं. चारांतलं एक गेलं की 50 गुणही गेले. निकाल मोबाइलवर पाहिला तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. चांदणी चौकात वाहतूक तुंबली होती. तिशीला पाच महिने उरले होते. घरी न जाता त्याच शनिवारी मी गावी गेले. कारण विचारलंत तर सांगता येणार नाही. कुणीतरी निकाल न विचारणारं हवं होतं.

पण आजीने विचारलंच. "तुझा विसा आला का गं?"

"व्हिसा, आजी. नाही आला."

"किती विसा लागतात?"

मी हसले, आणि मग थोडं रडलेही. तिने तांदळाची भाकरी वाढली आणि पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "आजी, तुला ओव्या येतात का?" ती म्हणाली, येत होत्या. म्हणून दाखव म्हटलं तर तोंड उघडेना. दोन शब्द म्हणून थांबायची. "जात्याबिगर नाही येत, बाय. हात फिरला की गळा फिरतो." जातं परसात होतं. वरची तळी न्हाणीजवळ पायरी झाली होती, खालची पेरूखाली उलटी पडलेली. खुंटा तर कधीच चुलीत गेला होता. सकाळी चुलतभावाने दोन्ही तळ्या धुऊन आणल्या, बाभळीचा एक दांडका तासून खुंटा ठोकला. मी आजीच्या समोर बसले. दोघींनी खुंटा धरला. तांदूळ घातले. पीठ धड पडत नव्हतं, जात्याला टाकी लावून वर्षं झाली होती. पण दहाएक फेऱ्यांनंतर आजी गायला लागली. कुणाला ऐकवायचं म्हणून नाही, घरघरीत मिसळून, मान खाली घालून.

सात मिनिटं झाली. ती दमली. "हात भरून आले," म्हणाली.

पुण्याला परत येताना बसमध्ये मी रेकॉर्डिंग लावलं. निम्मं जातंच ऐकू येत होतं. आणि आजीचे शब्द मला कळत नव्हते. शेवट गिळलेले, एकमेकांना चिकटलेले, मधेच एखादा असा शब्द जो मी कधी वापरलाच नाही. माझ्या मातृभाषेत, माझ्या आजीच्या तोंडून. ऐकण्याची परीक्षा तिथेही घेतली असती तर सहावी पातळीसुद्धा मिळाली नसती.

मग मॅडमनी शिकवलं होतं तसंच केलं. पहिल्यांदा ऐकताना काही लिहायचं नाही, फक्त कशाबद्दल आहे ते पकडायचं. दुसऱ्यांदा ओळखीचे शब्द. तिसऱ्यांदा थांबत-थांबत शुद्धलेखनासारखं लिहून काढायचं, न कळलेल्या जागी रेघ. चौथ्यांदा रेघा भरायच्या. फ्रेंच शिकण्यासाठी घेतलेली दोनशे पानी वही होती, तिच्या मागच्या बाजूने सुरुवात केली. अडीच पानं झाली. अकरा रेघा उरल्या. त्यातल्या सात आजीने फोनवर भरल्या, प्रत्येक वेळी "एवढंपण कळंना का तुला" म्हणत. चार तिलाही आठवल्या नाहीत. जात्याशिवाय नाहीच आठवणार म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गटात एका ओवीचा फ्रेंच अनुवाद घेऊन गेले. 'माहेर'पाशी अडले. मी 'आईचं घर' केलं होतं. दुकानवाल्या काकू म्हणाल्या, तसं कसं, आई गेली तरी माहेर असतं. गाइड म्हणाला, 'जन्मघर' म्हणा. बीएवाली म्हणाली, पण ओवीतली बाई तिथे राहत नाही, तिथून गेलेली आहे, ते कुठे येतंय यात? मॅडम काही बोलल्या नाहीत, खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांची मुलगी फ्रान्समध्येच असते, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धा तास सगळे फ्रेंचमध्ये भांडले आणि शेवटी काकांना राहवलं नाही. त्यांनी आधी खिशातून दहाची नोट काढून डब्यात टाकली, आणि मग मराठीत म्हणाले, "माहेरच लिहा हो. खाली टीप द्या."

परीक्षेची नवी तारीख घेतली आहे. ऑक्टोबरची. सातवी पातळी यावी म्हणून रोज सकाळी अर्धा तास फ्रेंच रेडिओ ऐकते. आली तर मी अर्ज करीन. नाही करणार असं म्हणून मला मोठेपणा घ्यायचा नाही. काकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पाथरवट बघून जात्याला टाकी लावून घ्यायला मात्र भावाला सांगितलंय. दिवाळीला आजी चार विसा तीन होईल, आणि वहीतल्या चार रेघा अजून रिकाम्या आहेत.