आत्याबाईंची एकादशी

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून महिन्याच्या दोन्ही एकादश्या मी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हाताखाली केल्या. त्यांची एकादशी साधी. दुपारी एकदा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी हरिपाठ, रात्री जमेल तेवढा जागर आणि द्वादशीला पारणं. एकादशीला आमच्या घरातून तळणाचा वास कधी आला नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं त्या हसत म्हणायच्या, पण ज्याला कळायचं त्याला कळायचं. नवी असताना मी एकदाच साबुदाण्याच्या वड्यांचं नाव काढलं होतं.

आता त्या ८२ वर्षांच्या आहेत. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरू लागल्या, मग नातवंडांची नावं, मग वार आणि तिथी.

दोन वर्षांपूर्वीची आषाढ वद्य एकादशी. घरची मंडळी पंढरीहून नुकतीच परतली होती. लेकरांसाठी सकाळी ज्वारीच्या भाकरी टाकल्या होत्या. मी पाणी भरून आत आले तर आत्याबाई उंबऱ्यात बसून चतकोर भाकरी खात होत्या. माझा तोल गेला. “आत्याबाई, एकादशी मोडली की हो तुम्ही!” असं इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या बाया दारात आल्या. त्यांच्या तोंडात घास होता. तो गिळवेना आणि टाकवेना. शेवटी त्यांनी तो तळहातावर काढला आणि रडू लागल्या. “मला कुणी सांगितलंच न्हाई गं,” एवढंच म्हणाल्या.

खरंच, मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी हरिपाठाला त्या नेहमीसारख्या भिंतीला टेकून बसल्या. पहिल्या अभंगापासून शेवटपर्यंत एकही शब्द चुकला नाही. अडखळले ती मी. चिखल तुडवताना नामात बुडालेल्या काकांच्या पायाखाली पोटचं लेकरू आलं, ही कथा आम्ही तेरकरांनी किती कीर्तनांत ऐकली असेल. त्या विसरण्याशी आत्याबाईंच्या विसरण्याची तुलना करायचं धाडस मी करणार नाही. हा आजार आहे, डॉक्टरांनी तसं नावही सांगितलं आहे. पण तिथी ध्यानात ठेवून मी त्या दिवशी काय केलं, हे मला त्या रात्री जागरात टाळ धरवेना इतकं टोचत राहिलं.

पुढच्या एकादशीला सकाळीच त्यांच्या कानात सांगितलं आणि भाकरीची दुरडी वर ठेवली. पण भगरीचं ताट पुढे आलं की त्या विचारायच्या, “भाकर कुठंय?” हाताला मोडायला काही तरी हवं होतं. राजगिऱ्याची भाकरी त्यांना दातांअभावी चावेना. म्हणून बटाटा आणला.

पहिल्या खेपेला सगळं बिघडलं. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करले, तर त्याचा चिकट गोळा झाला, आणि तेलात सोडताच सगळं फुटून पसरलं. काकांनी थापटणं घेतलं असतं तर नामदेवरायांआधी माझंच मडकं कच्चं निघालं असतं! आता जुने बटाटे सालीसकट उकडते, पूर्ण गार होऊ देते आणि मगच किसते. पाच-सहा बटाट्यांना चार चमचे राजगिऱ्याचं पीठ, जिरं, सैंधव आणि दाण्याचं जाडसर कूट घालते. मिरची त्यांना सोसत नाही, म्हणून चिमूटभरच. कोथिंबीर आमच्याकडे उपवासाला चालत नाही. तुमच्याकडे चालत असेल तर घाला. तळहाताला तेल लावून भाकरीसारखं पातळ आणि पसरट थापते, आणि तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत तळते. मुलं त्याला पॅटिस म्हणतात.

“एकादशीला तळण?” असं एका जाणत्या बाईंनी मला टोकलं. त्यांचं चुकलं नाही. जिभेचे लाड म्हणून केलं तर ते लाडच. पण माउली, काकांची समाधी शके १२३९ची. बटाटा त्यानंतर काही शतकांनी पोर्तुगिजांबरोबर आला, नावसुद्धा त्यांचंच घेऊन. मिरचीही तशीच. इतकंच काय, आत्याबाईंच्या आमटीतला शेंगदाणाही मूळचा सातासमुद्रापलीकडचा. सोवळं नक्की कुठे सुरू होतं, हे मला तरी तव्यापुढे उभं राहून सांगता येत नाही.

परवाच्या एकादशीला पहिली पॅटिस विठ्ठल-रखुमाईपुढे ठेवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती भाकरीसारखी मोडली.

“काय करलालीस गं? आज एकादशी हाय का?”

“हाय आत्याबाई.”

“मग ही भाकर?”

“बटाट्याची हाय. चालती.”

त्यांनी उरलेला अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. “घे, तू बी खा. सकाळधरनं उभी हाईस.” मी तो घेतला. तव्यावरची दुसरी तोवर एका बाजूनं करपली होती. ती मी माझ्या ताटात काढली, आणि आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, “आज एकादशी हाय का गं?”