समुद्र अंगणात, आजी कुंपणात

निवृत्तीचे पैसे हाती आले आणि समुद्राकाठी घर घ्यायची हौस मनात आली. एप्रिलमध्ये चोर्ला घाट उतरून आम्ही उभयता मोरजीला गेलो. 2023 मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्याकडे गिऱ्हाइकांची रीघ आहे. दलालाने गच्ची, पोहण्याचा तलाव, सारे दाखवले. "समुद्र अगदी अंगणात!" म्हणाला.

कुंपणाच्या आत माडांखाली एक कौलारू घर होते. एक आजी सोलां वाळत घालत होत्या. "ते घर लवकरच निघेल," दलाल पुटपुटला. आजींनी ऐकले. "आम्ही मुंडकार, तीन पिढ्यांचे," त्या म्हणाल्या. गोव्यात 1975 च्या कायद्याने मुंडकाराला मामलतदाराच्या हुकुमाशिवाय काढता येत नाही. राहते घर विकत घ्यायचा हक्कही त्याला आहे. पण आजींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नकाशात मोटारी उभ्या होत्या.

सौ. हळूच म्हणाली, "ब्याड्री." माहेरच्या कन्नडात ती नको म्हणाली की ते पक्के!

संचकार न देताच आम्ही घाट चढलो. वाचकहो, किनाऱ्यावर घर घ्यायचे तर दलालाच्या आधी तिथे राहणाऱ्याला भेटा.