भातखाचरातली गोगलगाय

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस ओसरू लागला की भातखाचरांच्या बांधांवर हिरवेगार गवत उभे राहते. गुरे त्यावर तुटून पडतात. त्याच पात्यांना डोळ्यांना सहज न दिसणारे पर्णकृमीचे कोष चिकटलेले असू शकतात.

या कृमीचा प्रवास चकित करणारा आहे. बाधित जनावराच्या शेणातली अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी पाणगोगलगायीच्या शरीरात शिरते, तिथे एकीच्या अनेक होतात आणि बाहेर पडून गवतावर कोष करून बसतात. गाईने ते गवत खाल्ले की पुढचा मुक्काम थेट यकृतात. मग दूध घटते, जबड्याखाली पाणी उतरते, आणि घरातले म्हणतात, गाईच्या अंगी खाल्लेले लागत नाही.

आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. गोलकृमींवर ते गुणकारी, पण पर्णकृमीवर चालत नाही! तिथे ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल लागते. म्हणून मिळेल ती बाटली अंदाजाने पाजण्याची सवय खरोखर घातक आहे. मात्रा कमी पडली तर कृमी औषधाला सरावतात. वजन किती, गाय गाभण आहे का, दूध किती दिवस विकायचे नाही, हे सारे पशुवैद्यकाशी बोलूनच ठरावे.

रेडकांची तऱ्हा निराळी. त्यांना गोलकृमीची अळी आईच्या दुधातूनच मिळते, त्यामुळे पहिला डोस दोन आठवड्यांच्या आसपासच द्यावा लागतो.

डिंभे, माणिकडोह धरणांच्या वरच्या अंगाच्या गोठ्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर शेणाचा नमुना दवाखान्यात तपासून घ्यावा.