दीक्षेनंतरचा अभ्यास

पहाटेचे पाच. साधनागृहातला चौथा दिवस. मौन आता सवयीचं होतंय. गुरुदीक्षेला 22 वर्षं झाली. प्रवचनं शेकडो दिली, पण मिस्सा, लग्नं, मयतं यांच्या धावपळीत माझी स्वतःची प्रार्थना आटत गेली. इथे गप्प बसल्यावर ते कळलं, आणि फार लागलं.

अभ्यासाचंही तेच झालं. धर्मगुरूनं दीक्षेनंतरही ईशज्ञानाचा अभ्यास चालू ठेवावा, असं चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेत स्पष्ट कलम आहे. माझी पुस्तकं मात्र सेमिनरी सुटल्यापासून कपाटातच. अशा वेळी ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. ते इंग्लंडहून आले, इथली भाषा शिकले. 1616मध्ये त्यांचं ते पुराण छापलं गेलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मी तर अजून पन्नाशीतच आहे.

परतल्यावर पहाटेचा एक तास प्रार्थनेचा. तो कुणालाही देणार नाही.