खिशातलं स्पॅनिश

मागच्या वर्षी आम्ही दोघं माद्रिदला गेलो होतो. खिशात स्पॅनिश वाक्यांची छोटी पुस्तिका. 'ओला', 'ग्रासियास', 'कुआंतो क्वेस्ता?' एवढ्यावर दोन दिवस निभावले. प्रश्न विचारता यायचा, उत्तर मात्र डोक्यावरून जायचं.

तिसऱ्या रात्री बायकोचं पोट दुखायला लागलं. पोट साफ होत नव्हतं. हिरव्या क्रॉसचं औषधांचं दुकान उघडं दिसलं. पुस्तिका न काढताच इंग्रजी 'कॉन्स्टिपेशन'वरून 'कॉन्स्तिपादा' म्हणून मोकळा झालो. बाईंनी सर्दीचं औषध समोर ठेवलं! स्पॅनिशमध्ये 'कॉन्स्तिपादा' म्हणजे सर्दी झालेली.

मग पुस्तिका काढली. बाईंनी स्वतः पानं उलटून नेमक्या शब्दावर बोट ठेवलं, खुणेनं दोन-चार प्रश्न विचारले आणि औषध कधी घ्यायचं ते खोक्यावर लिहून दिलं. मागं रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

परवा आपल्याकडच्या एका दवाखान्यात एक ओडिया मजूर पोटावर हात ठेवून उभा होता. खिडकीतून ओरडा आला, "मराठीत सांग ना!" रांगेत मीही होतो. गप्प राहिलो. त्याची लाज वाटते.

इथं राहणाऱ्यानं मराठी शिकावी, हे माझं ठाम मत आहे. पण दुखणं तोवर थांबतं का? 'कुठं दुखतंय?', 'कधीपासून?' अशी वीस वाक्यं दोन्ही भाषांत छापून खिडकीवर ठेवायला किती खर्च येतो?

मराठी वाक्यं मी लिहून देतो. तुमच्यापैकी कुणाला ओडिया येत असेल तर सांगा.