एक चौकट

आंबिया बहार फुटला की परतवाड्याभोवतालच्या संत्र्याच्या बागांत सकाळी नऊपासून गुणगुण चढते. माझ्या सातेरी मधमाश्यांच्या बारा पेट्या अशाच एका बागेच्या धुऱ्यावर होत्या. बागवाले काका आले.

"भाऊ, माशा काहून कमी दिसून राह्यल्या?"

कारण मला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटत होती.

दहा-बारा दिवसांपूर्वी एक पेटी कमजोर वाटली, म्हणून भरल्या पेटीतली पिलाव्याची चौकट मी तिच्यात ठेवली आणि तिची भरल्या पेटीत. तिची चौकट नीट पाहिली असती तर दिसलं असतं: कोठीचं झाकण कुरतडलेलं, आत पाठीवर पडलेली पिवळट अळी, डोकं होडीच्या टोकासारखं वर. चिमट्यानं उचलली की फाटत नाही. पाणी भरलेली पिशवीच हातात येते. थाई सॅकब्रूड. १९७६ साली थायलंडात दिसलेला हा विषाणू १९७८ मध्ये मेघालयात सापडला, आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं कर्नाटक-केरळातल्या सातेरीच्या पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या.

गंमत बघा, व्हरोआ कोळ्याचं सातेरीला फारसं काही वाटत नाही. तो मूळचा तिचाच. बहुधा नरांच्या कोठ्यांतच वाढतो, आणि माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला ओरबाडून काढतात. परदेशी मेलिफेरा माशीला मात्र तो पुरून उरतो. सातेरीची गाठ सॅकब्रूडशी. त्यात मेलेली अळी साफ करणारी माशी स्वतः धडधाकट दिसते, पण विषाणू तिच्या अंगात शिरतो आणि पुढच्या अळीच्या घासातून उतरतो. जी घर स्वच्छ ठेवते तीच रोग वाटते. मीही तेच केलं, फक्त चौकटीच्या मापानं.

"मंग फवारा कोनता मारशीन?"

"याला फवारा नाही काका."

औषधच नाही. राण्या पिंजऱ्यात कोंडल्या, म्हणजे तीन आठवडे नवी अळी नाही आणि विषाणूला घासही नाही. डागाळलेली पोळी जाळली. मेलेल्या पेट्यांची दारं बुजवली, नाहीतर शेजारच्या माश्या मध लुटायला शिरतात आणि दुखणं घरी नेतात. पटाशी जाळावर धरायची, हात साबणानं धुवायचे, मगच पुढची पेटी. चौकटींची अदलाबदल बंद. या शेवटच्या गोष्टीचा हाताला अजून त्रास होतो. उपाशी पेटी दिसली की तो आपोआप शेजारी वळतो.

पाच पेट्या गेल्या. उरलेल्या सातांच्या राण्या सोडल्या तेव्हा बहार गळून गेला होता आणि फांद्यांवर वाटाण्याएवढी फळं धरली होती.